सरकारी वकील आणि पक्षीय राजकारण

सरकारी वकील : फौजदारी खटला राज्यातर्फे चालवणारा विधिज्ञ. कायद्याच्या मराठी पाठात ‘सरकारी अभियोक्ता’, कोर्टाच्या आवारात ‘पीपी (पब्लिक प्रॉसिक्युटर) साहेब’. आरोपीला काहीही करून शिक्षा मिळवून देणे हे त्याचे काम नाही. आरोपीला अनुकूल असलेला पुरावाही त्याने न्यायालयापुढे ठेवायचा असतो. या पदावरून पक्षीय राजकारणात जाण्याची वाट जुनी आहे आणि तिचे मूळ बहुधा नेमणुकीच्या पद्धतीतच आहे.

1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 24नुसार या पदासाठी किमान सात वर्षांची वकिली लागे, विशेष सरकारी वकिलासाठी दहा वर्षांची. उच्च न्यायालयातील नेमणूक त्या न्यायालयाशी विचारविनिमय करून व्हावी आणि जिल्ह्यातील नामिका (नेमणुकीस योग्य वकिलांची यादी) जिल्हादंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याने तयार करावी, अशी मूळ तरतूद होती. महाराष्ट्राने 1981च्या अधिनियम 34द्वारे यांतील पहिला विचारविनिमय वगळला आणि सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याच्या जागी ‘राज्य शासनाची मान्यता’ घातली. शब्द मोजकेच बदलले, पण नेमणुकीवरचा न्यायालयीन अंकुश त्यामुळे सैल झाला. उत्तर प्रदेशाने 1990 मध्ये सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांना एकाच आदेशाने दूर केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात (1991) तो आदेश मनमानी ठरवून रद्द केला. 1 जुलै 2024पासून हा विषय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18खाली येतो.

महाराष्ट्रातील अलीकडचे ठळक उदाहरण जळगावचे उज्ज्वल निकम यांचे. 1993चे मुंबई बाँबस्फोट आणि 26/11चा हल्ला या खटल्यांत ते विशेष सरकारी वकील होते. 2016 मध्ये पद्मश्री. 2024 मध्ये उत्तर मध्य मुंबईतून भाजपतर्फे लोकसभा लढवून ते वर्षा गायकवाड यांच्याकडून पराभूत झाले; 2025 मध्ये राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य झाले. अमेरिकेत जिल्हा अभियोक्ता बहुतेक ठिकाणी मतदारच निवडतात, त्यामुळे हे पद तिथे राजकारणाची पहिली पायरीच ठरते. मॅनहॅटनचे थॉमस ड्युई त्याच पायरीवरून न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि राज्यातील रिपब्लिकन पक्षाचे सूत्रधार झाले.

पदाची खरी कसोटी खटला मागे घेताना लागते (जुने कलम 321, नवे 360). अर्जावर सही सरकारी वकिलाची, संमती न्यायालयाची. आरोपनिश्चितीपूर्वी अर्ज मंजूर झाला तर आरोपमुक्ती, नंतर झाला तर निर्दोष मुक्तता. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील खटला मागे घेण्याच्या प्रकरणात (शिवनंदन पासवान, 1987) घटनापीठाने 3 विरुद्ध 2 मतांनी माघार ग्राह्य धरली. न्यायालयाने कारणे बारकाईने तपासावीत, हा सरन्यायाधीश भगवती यांच्या अल्पमताचा रोख अधिक पटणारा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजी-माजी खासदार व आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेण्यास मनाई केली.