कुंड, डोंगर आणि बाटली : मुंबई इलाख्यातील औषधी पाण्याची पार्श्वभूमी

कोकणातील काही गावांची नावे एकापाठोपाठ एक उच्चारून पाहिली की त्यांतील नाते लगेच ध्यानात येते. पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, राजापूरच्या गंगेजवळचे उन्हाळे ही सारी ‘ऊन’ पाण्याची गावे आहेत. घाट ओलांडून खानदेशात गेले तर उनपदेव भेटतो आणि मराठवाड्याच्या टोकाला उनकेश्वर. पाण्याचे तापमान मोजून त्याचे पृथक्करण करणारे साहेब येथे येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ही नोंद गावाच्या नावातच करून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात औषधी पाण्याचा जो व्यापार या प्रदेशात उभा राहिला, तो मात्र या गावांना जवळपास वगळूनच उभा राहिला.

वास्तविक इंग्रजांना खनिज पाण्याचे अप्रूप फार होते. इंग्लंडमधील बाथ आणि युरोपातील कार्ल्सबाड अशा गावी जाऊन आठवडेच्या आठवडे मुक्काम करावा, ठरलेल्या मापाने खारट-गंधकी पाणी प्यावे, त्यात डुंबावे, संध्याकाळी गाणेबजावणे आणि पत्ते, असा तेथील श्रीमंतांचा शिरस्ता होता. संधिवात, यकृताची तक्रार, अजीर्ण, त्वचारोग यांवर हा उपचार खुद्द डॉक्टरच सुचवीत. हिंदुस्थानात आलेल्या अंमलदारांना यकृताची आणि अजिर्णाची तक्रार तर नेहमीचीच. मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे वाफाळणारी कुंडे तयारच होती. मग तेथे मुंबईचे ‘बाथ’ का वसले नाही?

पहिले कारण हवामानाचे आहे. थंड देशातील माणसाला कढत पाण्याचे जे सुख वाटते, ते कोकणातील दमट उकाड्यात वाटणे कठीण. दुसरे कारण तापाचे. हिवतापाचा संबंध डासाशी आहे हे शतक संपत येईपर्यंत सिद्ध झाले नव्हते. सखल, दलदलीच्या जागेतून उठणाऱ्या दूषित हवेने ताप येतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती, आणि नदीकाठची झाडीत दडलेली कुंडे नेमकी तशाच जागी होती. तिसरे कारण असे की या जागा रिकाम्या नव्हत्या. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले, चैत्र अमावास्येला तेथे जत्रा भरू लागली, आणि खरूज-नायट्यापासून सांधेदुखीपर्यंतचे सारे रोगी देवीचे नाव घेऊन कुंडात उतरत असत. ज्या पाण्यात सारे गाव उतरते, त्यात गोरा साहेब उतरणे त्या काळी संभवनीय नव्हते.

सरकारी दप्तरात मात्र या झऱ्यांना जागा मिळाली. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत त्यांची वर्णने आली, आणि भूगर्भशास्त्रज्ञ टॉमस ओल्डहॅम यांनी केलेली हिंदुस्थानातील उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत सुमारे ३०० ठिकाणे होती. कोकणातील झऱ्यांचा आजच्या ज्वालामुखीशी काही संबंध नाही. पावसाचे पाणी काळ्या पाषाणातील भेगांतून खोल उतरते, तेथे तापते, वाटेत क्षार विरघळवून घेते आणि पुन्हा वर येते. म्हणून ते जिभेला खारट लागते आणि काही ठिकाणी त्याला गंधकाचा वास येतो. उन्हवऱ्याचे पाणी तर ७० अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते निववल्याशिवाय अंगावर घेता येत नाही.

स्नानाऐवजी इंग्रजांनी हवेचा मार्ग धरला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी आरोग्यस्थान वसविले गेले आणि तेथील पेठेला माल्कम पेठ हे नाव पडले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तेथेही बंगले उठू लागले. युरोपात जे काम झऱ्याच्या गावाने करावे, म्हणजे आजाऱ्याला बरे करावे आणि बऱ्याला करमणूक द्यावी, ते येथे डोंगराने केले. उरला प्रश्न पाण्याचा. तो बाटलीने सोडविला.

जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये साध्या पाण्यात वायू कोंडून झऱ्याच्या पाण्यासारखे पाणी कसे करावे हे छापून प्रसिद्ध केले होते. त्यांचा हेतू औषधी होता. लांबच्या सफरीवरील खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही या रोगावर हे पाणी चालेल, असे त्यांना वाटत होते. तसे ते चालले नाही, पण जिनिव्हाच्या याकोब श्वेपे यांनी त्याचा धंदा केला आणि १७९२ मध्ये लंडनला कारखाना काढला. म्हणजे सोडावॉटर हे जन्मतःच नकली झरा होते. हिंदुस्थानात या नकली झऱ्याची आणि खऱ्या झऱ्याची एकदा गंमतशीर गाठ पडली. बिहारात मुंगेरजवळ सीताकुंड नावाचा उष्ण झरा आहे; अग्निदिव्यानंतर सीतेने तेथे स्नान केले म्हणून पाणी तापले, अशी कथा सांगतात. ते पाणी इतके निर्मळ की बाहेरगावी पाठविले जाई, आणि मुंगेरचा सोडावॉटरचा कारखाना त्याच पाण्यावर चाले. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ मध्ये तेथून गेले, तेव्हा या कारखान्याच्या पाण्याची शुद्धता सीतेच्या स्नानामुळे आहे, असा शेरा मारण्याचा मोह त्यांना आवरला नाही.

मुंबईत असा झरा हाताशी नव्हता. गरज मात्र अधिक होती. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात येईपर्यंत मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. पटकीची साथ वारंवार येई. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ माणसे दरसाल मरतात, असा आकडा १८६३ च्या चौकशी आयोगाने मांडल्यावर पाण्याची भीती अधिकच पसरली. बाटलीबंद, फसफसणारे पाणी सुरक्षित असते असा समज झाला तो या भीतीतून. मूळ पाणीच घाण असेल तर वायू भरल्याने ते निर्धोक होत नाही, हे तेव्हा गिऱ्हाइकाला कोण सांगणार!

कारखान्याची कृती आज वाचताना जराशी धसकाच भरविते. शिशाच्या भांड्यात खडूची किंवा संगमरवराची भुकटी घेऊन तिच्यावर गंधकाचे तेजाब (सल्फ्युरिक आम्ल) सोडायचे. उठणारा वायू पाण्यातून धुऊन घ्यायचा आणि पंपाने दाबून थंड पाण्यात मिसळायचा. दाब जास्त झाला की बाटली फुटे आणि भरणाऱ्याच्या हातात, कधी डोळ्यात काच जाई. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्या लागत, नाहीतर बूच वाळून वायू निसटे. ही अडचण लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीस दूर केली. त्यांच्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबरी कडे असते. बाटली उलटी धरून भरतात. सुलटी करताना आतला वायूच गोटीला कड्यावर रेटून तोंड बंद करतो. पिताना अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलायची, की ‘फट्’ असा आवाज होतो आणि गोटी गळ्याच्या खाचेत जाऊन बसते. बाटली त्या खाचेच्या बाजूने कलती करावी, नाहीतर गोटी परत येऊन पाणी अडवते. युरोपात धातूच्या झाकणांनी ही बाटली हद्दपार केली; आपल्याकडे गोटी सोडा टिकला.

पश्चिम हिंदुस्थानात या धंद्यावर पारशी आणि इराणी मंडळींची छाप राहिली. मुंबईत १८६५ मध्ये पालनजी, पुण्यात १८८४ मध्ये अर्देशीर, पुन्हा मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स ही नावे त्यातलीच. साहेबांच्या क्लबांशी, लष्करी छावण्यांशी आणि दारूच्या दुकानदारीशी त्यांचा आधीपासून संबंध होता, आणि कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा विटाळाचा प्रश्न त्यांच्या धंद्याच्या आड येत नव्हता. सोडावॉटरवाला आणि बाटलीवाला ही आडनावे त्या काळाची साक्ष देतात. हिंदू गिऱ्हाइकापुढे तो प्रश्न होताच. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते म्हणून नळाचे पाणी निषिद्ध मानणारे लोक मुंबईत होते, आणि पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण, माजले ते सर्वश्रुत आहे. मात्र पोट गच्च झाल्यावर वैद्य-डॉक्टरांनीच सोडा घ्यावयास सांगितला, तर ते औषध ठरे, आणि औषधाला सोवळेओवळे आड येत नसे. बाटलीने सोवळ्या घरांत प्रवेश मिळविला असेल तर तो बहुधा या दाराने, असे मला वाटते.

औषध आणि पेय यांतील ही पुसट रेघ हिवतापावरील क्विनीन या औषधाच्या बाबतीतही दिसते. सिंकोना या झाडाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन वेगळे काढले गेले. १८६० नंतर सरकारने निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड यशस्वी केली. महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही ती करून पाहिली, पण तेथे ती साधली नाही. क्विनीन घातलेल्या टॉनिक वॉटरचे पेटंट १८५८ मध्ये लंडनला निघाले. गरिबाच्या वाट्याला मात्र टॉनिक आले नाही. बंगालात १८९२ पासून टपाल कचेरीत पैशाला एक अशा क्विनीनच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या.

बाजारात याच सुमारास तयार औषधांची गर्दी झाली. हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम यांच्या जाहिराती साऱ्या साम्राज्यभर झळकत. सर्व रोगांवर चालणाऱ्या त्या गोळ्यांत पुढे तपासणीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. कोरफड आणि सुंठ तर आपल्या आजीबाईच्या बटव्यातलीच. गावोगाव तुंबड्या लावीत आणि मुळ्या विकत हिंडणारा वैदू, काष्ठौषधींचे दुकान, घरी काढा उकळणारा वैद्य यांच्यापुढे छापील वेष्टनातील औषध उभे राहिले, तेव्हा काहींनी तोच मार्ग पत्करला. पनवेल येथे १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर कारखाना काढून शास्त्रोक्त औषधे बाटलीत भरली. मुंबईत १८९३ मध्ये अमृतांजन हे दुखण्यावर चोळायचे मलम निघाले.

त्याच्या आदल्या वर्षी, १८९२ मध्ये, तानसा नदी वरच्या अंगाला अडवून तिचे पाणी मोठ्या नळांनी मुंबईस आणले गेले. मुंबईच्या चाळींत आणि बंगल्यांत ते नळाने पोचले. नदीच्या खालच्या अंगाला वज्रेश्वरीची कुंडे होती तशीच वाफाळत राहिली, आणि जत्रेच्या दिवशी त्यांच्या काठावर, भाविकांच्या ओल्या धोतरांच्या शेजारी, पुढे गोटी सोड्याच्या गाड्याही लागू लागल्या.