कोटुनाइट

कोटुनाइट हे शिशाचे दुर्मिळ हॅलाइड (क्लोरीन, फ्लुओरीन यांसारख्या हॅलोजन मूलद्रव्याचे संयुग असलेले) खनिज असून रासायनिक दृष्ट्या ते लेड क्लोराइड आहे. त्यात वजनाने सुमारे ७४.५ टक्के शिसे आणि उरलेले क्लोरीन असते. इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरील नमुन्यांवरून तेओदोरो मोंतिचेल्ली व निकोला कोव्हेल्ली यांनी १८२५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नेपल्सचे शरीररचनाशास्त्रज्ञ दोमेनिको कोतुन्यो (१७३६–१८२२) यांच्यावरून त्याला नाव दिले.

लेड क्लोराइड ५०१° से. तापमानाला वितळते व सुमारे ९५०° से.ला उकळते. त्यामुळे शिलारसातून (वितळलेल्या खडकातून) सुटणाऱ्या, क्लोरीनयुक्त उष्ण वायूंबरोबर शिसे क्लोराइडाच्या रूपात सहज वर येते आणि धूममुखाच्या (ज्वालामुखीचे वायू बाहेर पडण्याच्या भोकाच्या) कडेला वायू निवताच, मध्ये द्रवरूप न घेता, त्याचे स्फटिक खडकावर साचतात. याच वायूंत हायड्रोजन सल्फाइड पुरेसे असेल तर कोटुनाइटाचे गॅलेनात (लेड सल्फाइडात) रूपांतर होते. १९०६ च्या उद्रेकानंतर व्हेसुव्हियसवर मिळालेले कोटुनाइट किरणोत्सारी आढळले होते. शिशाचा सुमारे २२ वर्षे अर्धायुकाल असलेला २१० वस्तुमानांकाचा समस्थानिक नेहमीच्या शिशाबरोबरच वायूतून आलेला असतो, हे त्याचे कारण. त्यामुळे नमुना जुना होत जातो तशी ही किरणोत्सारिता ओसरते.

खनिजाचे स्फटिक समचतुर्भुजी व बहुधा सुईसारखे किंवा चपटे असतात. ते रंगहीन, पांढरे, पिवळसर वा हिरवट असून कस (चूर्णाचा रंग) पांढरा असतो. विशिष्ट गुरुत्व सुमारे ५.८ असल्याने लहानसा तुकडाही हाताला जड लागतो, पण मोस मापक्रमावरील (१ ते १०) कठिनता मात्र निरनिराळ्या नोंदींत १.५ ते २.५ एवढीच दिलेली आहे. प्रणमनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) २.२० ते २.२६, म्हणजे हिऱ्याच्या २.४२ पासून फार दूर नसल्यामुळे, ताज्या स्फटिकाची चमक हिऱ्यासारखी दिसते. २०° से.ला १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे १ ग्रॅम विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम. प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषणात पहिल्या गटातील (क्लोराइडाचा साका देणाऱ्या) धातूंपैकी शिसे ओळखताना पांढरा साका गरम पाण्यात विरघळतो व थंड होताना सुयांच्या रूपात परत येतो, तो याच गुणामुळे. ज्वालामुखीच्या उतारावर मात्र हाच गुण खनिजाच्या मुळावर येतो, कारण पावसात ते फार टिकत नाही.

वर्गीकरणात कोटुनाइटाची जागा वाटते तितकी सरळ नाही. डेना या खनिज-वर्गीकरणाच्या पद्धतीत ते साध्या निर्जल हॅलाइडांत, एका धातू-अणूला दोन हॅलोजन अणू असलेल्या गटात येते. स्ट्रुंत्स या दुसऱ्या वर्गीकरण पद्धतीत मात्र, त्यात ऑक्सिजन मुळीच नसतानाही, ते शिशाच्या ऑक्सिहॅलाइड व हायड्रॉक्सिहॅलाइड खनिजांबरोबर ठेवले आहे. केवळ सूत्र पाहिल्यास पहिली व्यवस्था पटते. संरचनेत शिशाच्या प्रत्येक अणूभोवती क्लोरीनचे सात अणू जवळ व दोन किंचित दूर असे नऊ अणू असतात. ही घट्ट रचना खनिजापेक्षा अधिक प्रसिद्ध आहे, कारण अनेक संयुगे मोठ्या दाबाखाली तीच स्वीकारतात. नेहमीचे घनीय फ्लुओराइटही (कॅल्शियम फ्लुओराइड खनिज) सुमारे ९ गिगापास्कल दाबाला ‘कोटुनाइट-प्रकारा’त जाते. टायटॅनियम डाय-ऑक्साइडाचे असे रूप २००१ मध्ये ६० गिगापास्कलहून अधिक दाबाखाली तयार करून सर्वांत कठीण ऑक्साइड म्हणून जाहीर करण्यात आले, तरी पुढील मोजमापांनी त्या दाव्याबद्दल शंका निर्माण केली.

व्हेसुव्हियसखेरीज रशियातील कामचात्का द्वीपकल्पावरील तोल्बाचिक ज्वालामुखीच्या धूममुखांतही कोटुनाइट आढळते. ज्वालामुखीशी संबंध नसताना ते चिलीच्या कोरड्या, क्षारयुक्त उत्तर भागात शिशाच्या धातुकांपासून बनते, तसेच ग्रीसमधील लावरिओ येथे प्राचीन अथेन्सच्या चांदीच्या खाणींची धातुमळी (धातू गाळताना उरलेला मळ) समुद्राच्या पाण्यात पडून राहिल्याने तयार झालेल्या शिशाच्या क्लोराइड खनिजांतही त्याची नोंद आहे.