अन्नविषबाधेचे उद्रेक आणि त्यांचं सर्वेक्षण (नाशिक जिल्हा)

एकच पदार्थ खाल्लेल्या दोन किंवा जास्त लोकांना सारखाच त्रास झाला की तो अन्नविषबाधेचा उद्रेक. शंभर माणसं ॲडमिट व्हायलाच पाहिजेत असं काही नाही, पण आपल्याकडे नोंद होते ती बहुतेक मोठ्या घोळक्याचीच, म्हणजे लग्न, भंडारा, आश्रमशाळा वगैरे. घरात चौघांना जुलाब लागले तर मेडिकलमधून गोळ्या आणतात आणि विषय संपतो, तो आकडा कुठंच जात नाही. डब्ल्यूएचओच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला ६० कोटी लोक दूषित अन्नानं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची लेकरं आहेत.

भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम (आयडीएसपी) २००४ पासून आहे. उपकेंद्रातली सिस्टर लक्षणांवरून फॉर्म भरते, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर संशयित निदानाचा, लॅबवाले तपासणीचा, आणि २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी या केंद्र सरकारच्या आरोग्य माहितीच्या पोर्टलवर ऑनलाइन जातं. सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवर खरी पहिली खबर आशाताईच देते, आणि तिनं फोन केला नाही तर पुढची सगळी यंत्रणा असून नसल्यासारखी.

तपासात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वेळ. दुपारी १२ ला पंगत बसली आणि ३ वाजता उलट्या सुरू, तर संशय स्टॅफिलोकोकसवर, म्हणजे आचाऱ्याच्या हाताच्या जखमेतून बासुंदीत किंवा पनीरमध्ये गेलेला जंतू, आणि त्याचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. रात्री पोटात कळा आणि जुलाब, उलट्या कमी, तर मोठ्या पातेल्यात तासन् तास कोमट राहिलेला मटणाचा रस्सा बघायचा. ताप असेल आणि दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला तर संशय साल्मोनेला या जंतूवर. मग यादी करायची, कोण काय जेवलं, किती वाजता, पहिली उलटी कधी, आणि जे ठणठणीत आहेत त्यांनाही विचारायचं, हे फार राहून जातं. मठ्ठा पिणाऱ्यांत किती आजारी आणि न पिणाऱ्यांत किती, हे समोरासमोर ठेवल्याशिवाय मठ्ठ्यावर बोट ठेवता येत नाही.

महाशिवरात्र, नवरात्रात राज्यात भगरीच्या विषबाधेच्या बातम्या येतात. दमट हवेत भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते, आणि पीठ केलं की ओलावा अजून लवकर धरतं, म्हणून सुटं पीठ घेऊ नका, भगर निवडून, धुवून घरीच दळा असं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) सांगतं.

अडतं कुठं, तर नमुन्यावर. टीम पोचेपर्यंत उरलेलं अन्न फेकलेलं असतं, पातेली घासून पालथी घातलेली असतात, रुग्णाला अँटिबायोटिक दिलेलं असतं त्यामुळं शौचाच्या नमुन्यात जंतू वाढत नाही. त्यात पेशंट बघणार आरोग्य विभाग आणि अन्नाचा कायदेशीर नमुना घेणार एफडीए, दोन खाती. ती एकत्र पोचली नाहीत तर कारण 'संशयित' म्हणूनच कागदावर राहतं. पेशंट बरे करण्यात आपले लोक कमी पडत नाहीत, पण कारणच सापडलं नाही तर त्याच हातचं जेवण पुढच्या लग्नात वाढलं जातं. वाटीभर अन्न झाकून फ्रीजमध्ये ठेवलं आणि अँटिबायोटिकच्या आधी नमुना घेतला तरी निम्मं काम होतं.

२०१५ च्या सिंहस्थात इथल्या तात्पुरत्या दवाखान्यांत टॅबलेटवर रोजच्या पेशंटची लक्षणं भरून घेतली होती, त्यामुळं जुलाबाचे पेशंट कुठं वाढतायत ते त्याच दिवशी कळायची सोय झाली. २०२७ च्या कुंभात अन्नछत्रं पुन्हा लाखोंना जेवू घालतील, तिथं अशी नोंद पहिल्या दिवसापासून हवी, आणि तीही छत्राच्या नावासकट.