पोट थुलथुलीत, जिभेवर थर: चिनी ‘प्रकृती’ आणि फॅटी लिव्हर

गेल्या वर्षभरात तुमचं पोट थुलथुलीत झालंय असं वाटलं का? कपाळ तेलकट असायचं का? वरच्या पापण्या सुजल्यासारख्या दिसायच्या का? तोंड चिकट वाटायचं, घशात कफ अडकल्यासारखा वाटायचा, अंग जड व्हायचं, छाती किंवा पोट भरल्यासारखं व्हायचं, जिभेवर जाड थर असायचा? प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय: अजिबात नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. अजिबात नाहीला एक गुण, नेहमीला पाच. या उत्तरांवरून तुमची ‘प्रकृती’ ठरते, आणि ठरावीक प्रकृतीच्या लोकांना फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठणं, जास्त होतं, असा चिनी वैद्यकाचा दावा आहे.

बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक विद्यापीठातले प्राध्यापक वांग ची यांनी माणसाच्या प्रकृतीवरचं काम १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. त्यातून नऊ प्रकृतींची एक मांडणी आणि साठ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. २००९ मध्ये चिनी वैद्यकाच्या राष्ट्रीय संघटनेनं ती प्रमाण म्हणून स्वीकारली. नवातली एक प्रकृती समतोल, बाकीच्या आठ कुठे ना कुठे कललेल्या. कुणाची ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती कमी, कुणाचं रक्त साकळलेलं, कुणाला सदानकदा थंडी वाजणार, तर कुणाला ॲलर्जीचा त्रास. नऊ प्रांतांतल्या २१ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश लोक समतोल निघाले. वर दिलेले आठ प्रश्न ज्या प्रकृतीचे आहेत तिला मराठीत कफ-दमट म्हणता येईल. फॅटी लिव्हरचं नाव निघालं की चिनी वैद्य बोट दाखवतात ते बहुधा हिच्याकडे, आणि तिच्या पाठोपाठ दमट-उष्ण प्रकृतीकडे.

कल्पना जुनीच आहे. युआन राजवटीतले नामांकित वैद्य झू दानशी (१२८१–१३५८) यांचं म्हणणं होतं की जाड माणसात ओलावा जास्त, बारीक माणसात आग जास्त. गंमत अशी, की या ओलाव्याचा ठपका चिनी वैद्यक लिव्हरवर ठेवतच नाही, प्लीहेवर ठेवतं. अर्थात ही प्लीहा म्हणजे शवविच्छेदनात डाव्या बरगडीखाली सापडणारा अवयव नव्हे. अन्नाचं सत्त्व काढून ते अंगभर पोचवणाऱ्या एका व्यवस्थेचं ते नाव आहे. ती मंदावली की न जिरलेलं साचतं, त्याचा ओलावा होतो, ओलावा घट्ट होऊन कफ होतो. सोनोग्राफी सोडाच, सूक्ष्मदर्शकही नसलेल्या काळात कुणीतरी ‘खाल्लेलं जिरत नाही, ते भलत्या जागी साठतं’ असं म्हणून ठेवलं, याची दाद द्यायला हवी.

मराठी वाचक इथवर येईस्तोवर मनात ‘म्हणजे आपला कफप्रकृतीचा माणूस’ म्हणून मोकळा झाला असेल. साम्य आहेच. पण एक फरक मोठा आहे. आयुर्वेदात प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि जन्मभर तीच राहते, बदलते ती विकृती. वांग ची यांच्या मांडणीत मात्र प्रकृती निम्मी घरून आलेली, निम्मी कमावलेली. आहार, झोप, व्यायाम, औषध यांनी ती हलते. म्हणूनच तिथे ‘प्रकृती तपासा आणि सुधारा’ हा सरकारी कार्यक्रम होऊ शकला.

आता मूळ दाव्याकडे येऊ. चीनमध्ये या विषयावर अभ्यास पुष्कळ झाले. हेल्थ चेकअपला आलेल्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, त्यांची सोनोग्राफी करायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा, अशी साधारण पद्धत. कफ-दमट प्रकृतीच्या लोकांत फॅटी लिव्हर जास्त, समतोल प्रकृतीत कमी, असं चित्र पुन्हापुन्हा दिसतं. ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. माझी शंका वेगळी आहे: या निष्कर्षात नवं काय?

२०१३ पासून चीनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत ६५ वर्षांवरच्या नागरिकांची प्रकृती तपासतात. त्यासाठी प्रश्नावली ३३ प्रश्नांवर आणली आहे आणि कफ-दमट प्रकृतीच्या वाट्याला चारच प्रश्न आलेत. एक बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा. एक पोटाच्या घेराचा, तोही चक्क सेंटिमीटरमध्ये: ८० च्या आत असेल तर एक गुण, १०५ च्या पुढे गेला तर पाच. एक तोंडाच्या चिकटपणाचा किंवा घोरण्याचा. शेवटचा जिभेवरच्या थराचा. म्हणजे जी माणसं वजनानं आणि पोटाच्या घेरानं निवडली, त्यांच्याच लिव्हरवर चरबी जास्त सापडली! पावसात भिजलेल्यांना एका रांगेत उभं करायचं आणि मग या रांगेतल्यांचे कपडे ओले कसे, असा शोध लावायचा, तसंच हे झालं. घोरण्याचंही तेच. झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि फॅटी लिव्हर ही जोडी डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे.

साठ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीतही एक ग्यानबाची मेख आहे. तिचं गणित असं: मिळालेल्या गुणांतून प्रश्नांची संख्या वजा करायची, उरलेल्याला प्रश्नांच्या चौपटीनं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. ४० किंवा जास्त आले की ती प्रकृती तुमची. सुरुवातीच्या आठही प्रश्नांना तुम्ही नुसतं ‘कधीकधी’ म्हणालात, तर गुण होतात २४. त्यातून ८ गेले, उरले १६. त्याला ३२ नं भागलं की अर्धा, म्हणजे ५०. झालात तुम्ही कफ-दमट! दिवाळीनंतरच्या आठवड्यात ही प्रश्नावली भरली, तर आमचं अख्खं घर त्यात बसेल.

तेव्हा कळीचा प्रश्न हा, की वजन आणि कंबर यांचा हिस्सा बाजूला काढल्यावर प्रकृतीच्या पदरात काय उरतं? समजा एकाच वयाच्या, एकाच घेराच्या दोन माणसांपैकी एक कफ-दमट आहे आणि एक नाही. पुढच्या पाच-दहा वर्षांत पहिल्याच्या लिव्हरवर चरबी जास्त चढली, तर त्या शिक्क्याला अर्थ. एकाच दिवशी प्रश्नावली आणि सोनोग्राफी उरकणाऱ्या अभ्यासांतून आधी काय आणि मागून काय हे ठरत नाही. अंग जड वाटतं म्हणून चरबी चढली, की चरबी आणि साखर वाढल्यामुळे अंग जड झालं?

आता जरा सोनोग्राफीच्या खोलीत डोकावू. उजव्या बरगडीखाली गार जेल लावून डॉक्टर प्रोब फिरवतात आणि पडद्यावर लिव्हर आणि उजवी किडनी एकाच चौकटीत आणतात. निरोगी माणसात दोन्हींचा करडा रंग साधारण सारखा दिसतो. लिव्हरमध्ये चरबी भरली की ते किडनीपेक्षा पांढरं, चकचकीत दिसू लागतं. रिपोर्टवरचं ‘ग्रेड १’ येतं ते या तुलनेतून. चरबी थोडीच असेल तर साध्या सोनोग्राफीला ती दिसतही नाही. व्याख्येप्रमाणे मात्र पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसले की फॅटी लिव्हर म्हणायचं.

ही चरबी येते कुठून? अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुरेख प्रयोगात, फॅटी लिव्हर असलेल्या स्थूल लोकांच्या शरीरातल्या चरबीचा माग खुणेच्या अणूंनी काढला होता. लिव्हरमधली सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून सुटून रक्तावाटे आलेली, २६ टक्के लिव्हरनं साखरेसारख्या पदार्थांपासून स्वतः बनवलेली आणि खाल्लेल्या तेला-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. ‘मी तर तूप कधीच सोडलं’ असं चहात दोन चमचे साखर ढवळत सांगणाऱ्यांनी यातला मधला आकडा पुन्हा वाचावा. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की अंगावरच्या चरबीच्या कोठारांना कुलूप लागत नाही आणि दुसरीकडे लिव्हरमधला चरबीचा कारखाना जोरात चालतो. २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदलून त्यात चयापचयातल्या बिघाडाचा उल्लेख आला, तो यासाठीच.

तरीही ‘प्रकृती’ हा शब्द मी कचऱ्यात टाकणार नाही, आणि त्याचं कारण पुण्यात आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, दिसायला दोघंही सडपातळ. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर सारखी दिसणारी शरीरं आतून किती वेगळी असतात, हे त्या फोटोनं एका नजरेत दाखवलं. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर सांगतात, ती या बारीक अंगात दडलेल्या चरबीमुळे. जनुकांचाही वाटा आहे. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तर लिव्हरमधली चरबी दुपटीहून जास्त आढळते, असं २००८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात दिसलं. बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं ते असं. झू दानशींच्या जाड-बारीक विभागणीत हा माणूस बसत नाही.

उपचाराच्या बाबतीत वैद्य आणि डॉक्टर यांच्यात फारसा वाद नाही. गोड, तेलकट, दारू कमी करा आणि हालचाल वाढवा, हे कफ-दमट प्रकृतीला बीजिंगमध्येही सांगतात. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी आणि नंतर लिव्हरचे तुकडे तपासले. ज्यांचं वजन दहा टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांच्या लिव्हरची सूज गेली. ८० किलोच्या माणसाला हे आठ किलो पडतात. सोपं नाही, पण प्रकृती कोणतीही असो, हिशेब हाच.

वाद सुरू होतो तो काढ्या-चूर्णांपाशी. केस काळे राहावेत, यकृत आणि मूत्रपिंडाला बळ मिळावं म्हणून चीनमध्ये ‘हशौवू’ नावाचं मूळ शतकानुशतकं घेतात. त्याच मुळानं काही जणांच्या लिव्हरला जबर इजा होते, आणि सगळ्यांना होत नाही. असं का, याचा माग काढता काढता चिनी संशोधकांना २०१९ मध्ये एक खूण सापडली: इजा झालेल्यांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार कितीतरी जास्त होता. पुढे अमेरिकेत ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलेल्यांतही तोच प्रकार वारंवार निघाला. मग पाळी आली आपल्या हळदीची. भाजीतली चिमूटभर नव्हे, डबीतून मिळणाऱ्या हळदीच्या गोळ्या. त्यांनी लिव्हरला इजा झालेल्या दहा जणांची नोंद अमेरिकी डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ होता. ही प्रकृती ना पोटाच्या घेरात दिसते, ना जिभेच्या थरात.