वाशी खाडीपुलापासून अणूपर्यंत: मल्टिस्केल मॉडेलिंग आलं कुठून

वाशीचा जुना खाडीपूल, 1973 चा. खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या केबल्स गंजल्या आणि 1997 ला शेजारी दुसरा उभा राहिला हे आपल्या नवी मुंबईकरांना माहितीये. पूल जवळपास दोन किलोमीटरचा, पण असा गंज सुरू होतो ते काँक्रीटच्या मायक्रोमीटर-नॅनोमीटरच्या छिद्रांतून मिठातलं क्लोराइड झिरपत आत गेलं की. मग हिशोब करायचा कुठल्या मापावर? अख्खा पूल अणू-अणूने मोजणं अशक्य, आणि वरवर बघून आतलं कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या मापांचे हिशोब एकमेकांना जोडायचे, तेच मल्टिस्केल मॉडेलिंग.

ही डोकेदुखी जुनीच. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने 1929 लाच लिहिलेलं की रसायनशास्त्राला लागणारे मूळ नियम कळलेत, फक्त समीकरणं सुटत नाहीत. कॉम्प्युटर आल्यावर 1964 मध्ये अनीसुर रहमान यांनी (आपले हैदराबादचे, काम अमेरिकेत) द्रवरूप आर्गॉनचे 864 अणू कॉम्प्युटरवर हलवून दाखवले. 864! तेव्हा तेही खूप होतं.

खरी युक्ती 1976 ची, वॉर्शेल आणि लेविट या शास्त्रज्ञांची. अंड्याच्या पांढऱ्यात असतं ते लायसोझाइम एन्झाइम घेतलं, जिथे बंध तुटतो तेवढाच तुकडा क्वांटमने (इलेक्ट्रॉनपर्यंत जाणारं, अचूक पण महाग गणित) सोडवला आणि बाकीचं प्रोटीन साध्या क्लासिकल गणिताने, म्हणजे मेहनत जिथे गरज तिथेच. नोबेल मात्र 2013 ला, कार्प्लससोबत, तोवर निम्मी दुनिया हीच पद्धत वापरत होती.

मटेरियलवाले वेगळ्या वाटेने तिथेच पोचले, 1998 मध्ये सिलिकॉनमधली भेग: टोकाशी क्वांटम, भोवती अणू, लांब फायनाइट एलिमेंट (अणू न मोजता जाड जाळीचे तुकडे पाडून करायचं गणित), सगळं एकाच वेळी चालू. गोची झाली सांध्यावर. अणूंच्या भागातून निघालेली बारीक लहर पलीकडच्या जाड जाळीत मावतच नाही, सांध्यावर आपटून परत येते आणि खोटी उष्णता साठते. माझ्या मते या विषयाचा अर्धा इतिहास म्हणजे हा सांधा बुजवायची खटपट. 2003 ला वेनान ई (आडनाव खरंच एवढंच) आणि एंगक्विस्ट या गणितज्ञांनी अशा मापं जोडण्याला सगळ्या शाखांना चालेल असा एक गणिती साचा दिला.

लांबीचं बरंच जमलंय, वेळेचं अवघड आहे. अणूंचं गणित फेमटोसेकंदाच्या (सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग) पावलांनी जातं आणि पूल गंजायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे काँक्रीटवाले आजही बऱ्याचदा खालच्या, बारीक मापाचे आकडे काढून वरच्या, मोठ्या मापाच्या मॉडेलला हातानेच भरवतात.