प्रकाशावर चालणाऱ्या बायोसेन्सरमधील अर्धवाहक: पार्श्वभूमी

प्रकाश-विद्युतरासायनिक बायोसेन्सरमध्ये प्रकाशामुळे अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि इलेक्ट्रोडवर बसवलेल्या एन्झाइमची, प्रतिपिंडाची किंवा डीएनएची लक्ष्यरेणूशी गाठ पडली की त्यातून वाहणारा प्रवाह वाढतो किंवा घटतो. या तंत्राची दोन मुळे एकमेकांपासून दूर रुजली. द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवर उजेड पडल्यास वीज निर्माण होते, हे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये नोंदवले. एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मात्र अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चँप लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली.

पदार्थ मात्र सौरऊर्जेच्या संशोधनाकडून उसने आले. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाण्याचे विघटन घडवून दाखवले, तेव्हापासून हा स्वस्त आणि टिकाऊ पदार्थ सर्वांच्या हाताशी आला. त्याच्या अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने त्याला अतिनील किरणच लागतात. हायड्रोजन मिळवू पाहणाऱ्याला ही कार्यक्षमतेची अडचण वाटली. जैवरेणू हाताळणाऱ्याच्या ती मुळावरच आली, कारण अतिनील किरण आणि या ऑक्साइडमधील तीव्र ऑक्सिडीकारक होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरणाऱ्या धनप्रभारी रिकाम्या जागा) हे दोन्ही त्या नाजूक रेणूंची मोडतोड करतात.

कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप सुमारे २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने ते दृश्य प्रकाशात काम करते. जेरुसलेममध्ये इटामार विल्नर यांच्या गटाने त्याचे नॅनोकण २००१ मध्ये डीएनएशी जोडले, तर २००३ मध्ये अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमशी जोडून, एन्झाइम रोखणारी द्रव्ये प्रवाहाच्या घटीवरून ओळखली. पण या सल्फाइडला त्याचेच होल कुरतडतात. म्हणून ते टायटॅनियम डायऑक्साइडवर चढवून इलेक्ट्रॉन चटकन खाली उतरवण्याची, झिंक सल्फाइडचे कवच देण्याची आणि होल खर्ची पाडण्यासाठी द्रावणात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालण्याची रीत पडली. असे थर द्रावणांत आळीपाळीने बुडवून चढवता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीवर बरेच काम झाले आहे, अर्थात सौरघटांसारख्या वापरांसाठी.

कॅडमियमच्या विषारीपणामुळे पुढे ग्राफायटिक कार्बन नायट्राइड आणि बिस्मथ व्हॅनेडेटकडे लक्ष वळले, तरी इलेक्ट्रॉन-होल लगेच पुन्हा एकत्र येण्याचा दोष त्यांतही आहे. माझ्या मते खरा पेच निराळा आहे: सौरघटाला जास्तीत जास्त प्रवाह हवा असतो, तर सेन्सरला स्थिर आधाररेषा, म्हणजे लक्ष्यरेणू नसताना न हलणारा प्रवाह. रक्तद्रवात मुळातच असलेले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होल टिपून खोटा संकेत देऊ शकते. त्यामुळे निकेल ऑक्साइडसारख्या पी-प्रकारच्या (ज्यांत मुख्यतः होल प्रवाह वाहून नेतात अशा) अर्धवाहकांचे फोटोकॅथोड, म्हणजे प्रकाशात द्रावणाला इलेक्ट्रॉन देणारे इलेक्ट्रोड, पुढे आले. त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरणाऐवजी (इलेक्ट्रॉन काढून घेण्याऐवजी) क्षपण (इलेक्ट्रॉन देणे) होत असल्याने हा अडथळा बराच कमी होतो, परंतु त्यांचा प्रवाह सहसा क्षीण असतो.