गॉडमदर म्हणजे पोरक्या मुलाची पालक? तसं नव्हतं

गॉडमदर म्हणजे बाप्तिस्म्याच्या, अर्थात ख्रिस्ती दीक्षेच्या, विधीत मुलाची धर्ममाता म्हणून उभी राहणारी बाई. आईवडील गेले की मूल तिच्याकडे जाई, हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कॅथलिक युरोपात असा चर्चचा नियम नव्हता. पालकत्व ठरे ते नातलग, मृत्युपत्र आणि न्यायालय यांच्याकडून. गॉडमदरचं नेमून दिलेलं काम धर्मशिक्षणाचं, आणि तेही बऱ्याचदा कागदावरच! खरी मेख मोठ्यांच्या नात्यात होती. बाप्तिस्म्याने ती मुलाच्या आईबापांचीही आध्यात्मिक नातलग बने; इतकी, की बाप विधुर झाला तरी खास परवानगीशिवाय तिच्याशी लग्न करू शकत नसे. हे नातं जोडायला गॉडमदर म्हणून कुणी वजनदार घराण्यातली बाई गाठे, कुणी शेजारीण. काही ठिकाणी तर एका बाळामागे गॉडपेरेंट्सचा (गॉडमदर आणि गॉडफादर यांचा) घोळकाच असे. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने जास्तीत जास्त एक पुरुष आणि एक स्त्री, अशी मर्यादा घातली.